बाबासोंनी कृष्णातचं भलं चिंतलं

बाबासो मगदूम हळू बोलतात तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू येतं. मोठ्यानं बोलले तर पलीकडच्या गल्लीतले लोक बाहेर येऊन बघतात. कागलच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या भट्टीपाशी त्यांची उभी हयात गेली. तिथं ओरडल्याशिवाय कुणाला काही कळायचं नाही. निवृत्त झाले, भट्टी सुटली, आवाज मात्र घरी आला. मी त्यांचा शेजारी. त्यांच्या आमटीत मीठ कमी पडलेलं मला माझ्या घरात कळतं.

यंदाच्या पर्युषणात तर त्यांनी कहर केला. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. क्षमेवरचं प्रवचन ऐकून बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून परत आले, तर दाराला लागून गल्लीतल्या कृष्णातचा दुधाचा टेम्पो. स्कूटर आत घ्यायला जागा नाही. बाबासोंनी कृष्णातच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की समोरच्या घरातलं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. त्यांच्या बायको अक्काताई पूजेचं ताट घेऊन मागंच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी शांत हुईस्तवर माजं मौन." आणि खरंच धरलं.

तुम्हाला वाटेल, बरं झालं, घर शांत झालं. कसलं बरं! अक्काताई भाजी निवडताना, कणीक मळताना अखंड बोलायच्या. बिद्रीच्या मावशीच्या गुडघ्यापासून जगाच्या राजकारणापर्यंत काही सुटायचं नाही. बाबासो पेपरात तोंड खुपसून नुसतं "व्हय, व्हय" म्हणायचे. ते बंद झालं आणि माणूस सैरभैर झाला. चहात साखर आहे का विचारलं, तर उत्तर म्हणून साखरेचा डबा समोर आदळायचा. एका सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "घर खायला उठतंय की रं." मला वाईट वाटलं. हसूही आलं, खोटं कशाला बोलू.

त्यांची पुतणी ऐश्वर्या ध्यानानं मेंदूत काय फरक पडतो याचा अभ्यास करते. तिनं काकांना ताब्यात घेतलं. डोक्याला एक घट्ट टोपी, टोपीला वायरी, वायरी लॅपटॉपला. मेंदूतल्या विजेच्या लाटा ही टोपी टिपते म्हणे.

"काका, सगळी ध्यानं सारखी नसतात," ती म्हणाली. "एकात लक्ष एका जागी बांधायचं, एकात विचार नुसते बघायचे, एकात दुसऱ्याचं भलं चिंतायचं. तालमीत जोर वेगळे, बैठका वेगळ्या, तसं."

तालमीचं नाव काढल्यावर बाबासोंना लगेच पटलं.

पहिल्या दिवशी श्वास. बाबासोंनी श्वासावर इतकं जोरात लक्ष दिलं, की घरात भाता सुरू झाला. थोड्या वेळानं तोही थांबला. "लाटा किती संथ झाल्या!" ऐश्वर्या हरखली. अक्काताईंनी गालाखाली हात धरून खुणेनं सांगितलं, झोपलेत.

दुसऱ्या दिवशी विचार बघायचे. येतील ते येऊ द्यायचे, जातील ते जाऊ द्यायचे. यानं मेंदूची भरकटायची सवय जरा ढिली पडते असं दिसतं, पण अजून सगळं पक्कं कळलेलं नाही, असं ऐश्वर्या प्रामाणिकपणे म्हणाली. बाबासो डोळे मिटून विचारांची हजेरी घ्यायला लागले. "टेम्पो आला! गेला! परत आला!"

आपल्या दारात बसलेला कृष्णात ओरडला, "टेम्पो वडगावला गेलाय ओ! कुटला आला?"

तिसऱ्या दिवशी भलं चिंतायचं, अगदी ज्याचा राग येतो त्याचंसुद्धा. मनातल्या मनात. पण फाउंड्रीत मनातलं कुणाच्या कामाचं? ज्याला सांगायचं त्याच्यापाशी जाऊन कानात ओरडायचं, ही तिथली रीत. बाबासो उठले आणि टोपीसकट, वायरी ओढत निघाले. लॅपटॉप छातीशी धरून ऐश्वर्या मागं धावली.

कृष्णातनं दार उघडलं. समोर डोक्यावर वायरींचं जंजाळ घेतलेले, लालबुंद बाबासो.

"कृष्णात! तुजं भलं हू दे!"

कृष्णात मागं सरकला. "काय झालं ओ काका?"

"सुखी ऱ्हा म्हंतोय की! कळंना झालंय व्हय? पोराबाळांसकट सुखी ऱ्हा!"

"पोराबाळांवर जाऊ नगासा, सांगून ठेवतो!"

"तुजा टेम्पो कदी बंद पडू ने!"

"टेम्पोला हात तर लावून बघा!"

गल्ली गोळा झाली. एक जण शुभेच्छा देतोय, दुसरा बाह्या सरसावतोय, कुणाला आवरावं हेच कुणाला समजेना.

"पुरे!"

अक्काताईंचा आवाज. कृष्णातच्या बाह्या अर्ध्यावरच थांबल्या. बाबासोंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "बोललीस! आनी बोल की."

"बोलतेच. सैपाकघरातनं समदं ऐकलंय मी. पोरीनं काय सांगितलंतं? आदी घरातल्या मानसाचं भलं चिंतायचं, मग शेजाऱ्याचं, मग रागातल्याचं. तुमी थेट कृष्णातच्या दारात गेलासा. एवढ्या वर्सांत माजं भलं हू दे, असं म्हनालासा कदी?"

भट्टीपुढं न डगमगलेला माणूस घामाघूम झाला. बाबासोंनी टोपी काढून हातात धरली, अक्काताईंच्या जवळ गेले आणि मान खाली घालून काहीतरी म्हणाले. मी चार हातांवर उभा होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

कृष्णातनं मान पुढं काढली. "काय म्हनालं ओ काका?"

अक्काताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ते तुला न्हाय."