कात्रीबाई आणि हरित पट्टा

तिला सगळी गल्ली कात्रीबाई म्हणायची. एक तर ती शिवणकाम करायची, आणि तिच्या जिभेपुढे कोणाचं काही चालायचं नाही. एका खोलीत ती, मुलगी, जावई आणि रांगती नात. जेवायच्या वेळी शिलाई मशीनवरच ताटं मांडायची. जावई कामावर रात्रपाळी मागून घ्यायचा, कारण पलंग दिवसाच रिकामा मिळायचा.

शहराच्या कडेला हरित पट्टा होता. तिथे बांधकामाला बंदी. तिच्या धाकट्या भावाची नर्सरी तिथेच, भाड्याच्या जागेत होती. पुढे लागणाऱ्या घरांसाठी हा पट्टा खुला करावा का, यावर नगरपालिकेने जाहीर सुनावणी ठेवली. भाऊ धावत आला.

"ताई, माझ्या बाजूने बोल. तुझं सगळे ऐकतात."

"तुझ्या रोपांना हातपाय पसरायला जागा आहे रे. माझ्या नातीला नाही."

भाऊ पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठला.

सुनावणीत तिने माईक हातात घेतला. "झाडं कोणाला नकोत? पण आम्ही काय फांदीवर राहायचं?" सभागृह हसलं, टाळ्या कडाडल्या, व्यासपीठावरच्या साहेबांनीही मान डोलावली. लहान घरं बांधायच्या कबुलीवर अर्धा पट्टा खुला झाला. भावाची नर्सरी उठली आणि त्याने बहिणीचं तोंड पाहणं सोडलं.

बांधकाम उभं राहिल्यावर ती मुलीला घेऊन घर बघायला गेली. उंच भिंत, फाटकावर रखवालदार, आत नुसते बंगले. विक्री कार्यालयात भिंतभर फ्लेक्स लावला होता. त्यावर माईक धरलेली तीच, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सामान्यांच्या हक्काचं घर'.

"कोणता बंगला दाखवू?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"लहान घरं कुठायत?"

"ती पुढच्या टप्प्यात, मॅडम. उरलेला पट्टा खुला झाला की."

कात्रीबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पिशवीतून कात्री काढली आणि फ्लेक्सवरचा स्वतःचा चेहरा गळ्यापासून कापून घेतला. रखवालदार धावला.

"हात लावून तर बघ! तोंड माझं आहे, मी घेऊन चालले."

तिची मुलगी लाजेने लाल झाली. ही मात्र तिथून थेट भावाच्या दारात.

"आता काय राहिलंय भांडायला?" भावाने विचारलं.

"अर्धा पट्टा."

"माझी रोपं ट्रॅक्टरखाली गेली तेव्हा कुठे होतीस?"

"टाळ्या घेत होते. अजून बोल, हवं ते बोल. पण मी घर मागितलं होतं रे, तुझी नर्सरी नाही. दोघांनाही बनवलंय त्यांनी."

भावाने दार लावलं नाही, पण आत ये असंही म्हणाला नाही.

उरलेल्या पट्ट्याची सुनावणी लागली तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली. भाऊही आला, मागच्या रांगेत.

तिला उठताना पाहून साहेब हसले. "बाई, मागच्या वेळी तर तुम्हीच घरं मागत होतात."

"आजही मागतेय! कुठायत ती? माझ्या नातीच्या नावाने जमीन घेतलीत आणि बंगले उठवलेत. पुढे लागणाऱ्या घरांचं सांगता, आज लागणाऱ्यांचं काय? आधी कबूल केलेली लहान घरं उभी करा, मग उरलेल्या झाडांना हात लावा!"

"तुमची वेळ संपली."

"आमची कधी सुरू झाली होती?"

माईक बंद केला गेला. तिला त्याची गरज कधीच नव्हती. ती बोलतच राहिली. मग मागून भाऊ उठला, आणि त्याच्यामागे खोल्याखोल्यांत दाटीवाटीने राहणारे कितीतरी जण. त्यातले बरेच जण मागच्या सुनावणीत तिच्या बोलण्यावर टाळ्या वाजवून गेले होते.

उरलेल्या पट्ट्याचा प्रस्ताव तेवढा थांबला. लहान घरांचा पाया मात्र अजून खणलेला नाही. जावई अजून रात्रपाळीच करतो. भाऊ बहिणीशी बोलतो, पण मोजकंच, आणि नर्सरीचा विषय निघाला की उठून जातो. ती त्याला थांबवत नाही. पालिकेचं नाव काढलं की मात्र तिचा आवाज आजही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.