सही एकट्या नानांचीच का?

नानांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि गौरवग्रंथात मी काय लिहिते, याची त्यांना नक्कीच धास्ती असणार. नवी पदवी घेऊन मी शिंदखेड्याहून त्यांच्या जळगावच्या आर्किटेक्ट ऑफिसात मुलाखतीला आले, तेव्हा त्यांनी माझे नकाशे उघडलेसुद्धा नाहीत. "मालकांनी जिना हलवायला सांगितला, तर आधी काय कराल?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "नवा नकाशा काढेन." "आधी त्यांच्याकडून लिहून घ्याल," नाना म्हणाले. हे गृहस्थ कुणावर विश्वास ठेवतात की नाही, असे मला तेव्हाच वाटले.

ठेवत नसत. साइटवर गवंडी सांगे, "नाना, बठ्ठं बराबर शे." "सगळं बरोबर आहे ना, मग वहीत तसं लिहून सही करा," असे म्हणून नाना तरीही स्वतः टेप लावत.

माझा संशय निराळाच होता. नकाशे काढायचे मी आणि खाली सही एकट्या नानांची. आयत्या पिठावर रेघोट्या, असे मी घरी खुशाल बोलत असे. आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या वर्षी पारोळ्याला एका कापूस व्यापाऱ्यांचे घर चालू होते. गॅलरी दीड फूट पुढे घेऊ का, असे गवंड्याने विचारले आणि मी तोंडीच हो म्हणाले. ना कागद केला, ना लोखंडाचे गणित करणाऱ्या इंजिनिअरना विचारले. टेकू काढताच गॅलरीला भेग पडली. कुणाला इजा झाली नाही, पण मालक तावातावाने ऑफिसात आले. "कुणी सांगितलं त्याचं नाव द्या. त्याची नोंदणीच रद्द करायला लावतो."

नाना शांतपणे म्हणाले, "नकाशावर सही माझी आहे. तक्रार माझ्या नावाने करा."

मालक गेल्यावर ते मला म्हणाले, "पहिली काही वर्षं मी कुणालाच सही करू देत नाही, ताई. चुका त्याच काळात होतात." गॅलरी पाडून त्यांनी नवी बांधून दिली. तक्रार टळली आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

हा लेख मी त्यांना आधी दाखवला. "गॅलरीचं गाळा. मालक वाचतील," ते म्हणाले. मी गाळले नाही. पारोळ्याच्या त्या मालकांना सांगते, हो म्हणणारी मीच होते. नानांना ठणठणीत प्रकृती आणि आणखी पुष्कळ वर्षे लाभोत. एवढी एक चूक मात्र आजपासून माझ्या नावावर राहू द्या.