तव्यावरचं कादिझ

ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी केली की एक गोष्ट कळते. पॅसेंजर निघून जातात, किस्से मात्र ऑफिसातच राहतात! मस्कतच्या हमरियात, ज्यूसवाला आणि शिंपी यांच्यामध्ये आमचं चिमुकलं ऑफिस आहे. अकरा वर्षं मी तिथे तिकिटं काढतेय. या अकरा वर्षांतले निम्मे किस्से युसुफभाईंचे आहेत. आणि युसुफभाईंचे सगळे किस्से कादिझचे.

आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने युसुफभाई हर्णैचे. मस्कतला आले तेव्हा त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर कुठल्याशा विमान कंपनीचं कॅलेंडर होतं. पांढरी घरं, तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि पाण्यात पुढे गेलेला एक किल्ला. त्यांना वाटलं, हर्णैच! जवळ जाऊन वाचलं तर कादिझ, स्पेन. कॅलेंडरचं वर्ष संपलं, पण चित्र त्यांनी उतरवू दिलं नाही. त्या गावाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. तीस वर्षांत शेकडो लोकांना कादिझला धाडलं. स्वतः कधी गेले नाहीत.

*

एकदा मस्कतच्याच कुरुम भागातून एक जोडपं आलं. युसुफभाईंनी सुरुवात केली, "तीन हजार वर्षांचं गाव हाय मॅडम! लेबनॉनकडच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलं. युरोपात इतकं जुनं गाव शोधून दाखवा!"

बाई जरा घाबरल्या. म्हणाल्या, "मग बाथरूम अटॅच्ड असेल ना?"

यजमानांची चिंता वेगळी होती. "रूम सी-व्ह्यूच हवी हं आम्हाला."

"साहेब," युसुफभाई म्हणाले, "तिकडं समुद्र दिसणार नाय अशी रूम मागितलीत, तर मला शोधाशोध करावी लागेल!"

*

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, सालिम. ते ओमानच्याच सूर बंदराचे. त्यांचे आजोबा लाकडी जहाजातून झांजिबारला जायचे. टूरचं काम बघणारा इनास वसईचा. त्यामुळे चहाच्या वेळी कोणाचं बंदर जुनं यावरून रोज जुंपायची. मी ठाण्याची, मला कोणी विचारायचंच नाही.

एकदा इनास तावातावाने म्हणाला, "आमचं सोपारा काय कमी जुनं आहे? जगभरची जहाजं यायची!"

अर्बाबनी शांतपणे विचारलं, "और आज क्या आता है?"

इनासने जरा विचार केला. "आज पाण्याचा टँकर येतो. एक दिवसाआड."

युसुफभाईंनी टेबलावर थाप मारली. "हेच मी सांगतो! कादिझला फिनिशियन आले, रोमन आले, अरब आले. मग अमेरिकेचं सोनं-चांदी घेऊन जहाजं आली. व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे बांधले, आपलं जहाज दिसतंय का बघायला! आता क्रूझ येतात. मालक बदलले, बंदर चालूच!"

"सब ठीक है युसुफ," अर्बाब म्हणाले, "लेकिन चाय ठंडा हो गया. यल्ला, काम करो!"

*

आता तव्याची गोष्ट. कादिझचा भूगोल नकाशावर कोणाला कळेना. शेवटी युसुफभाईंनी घरून दांडीचा छोटा तवा आणला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. गिऱ्हाईक आलं की तवा काउंटरवर!

"हा गोल भाग म्हणजे जुनं शहर. ही दांडी म्हणजे जमिनीची पट्टी. एवढ्या दांडीनंच ते स्पेनला चिकटलेलं हाय. या अंगाला महासागर, त्या अंगाला खाडी." मग तव्याला टेकवून एक खोडरबर ठेवायचे. "हा पाण्यातला किल्ला. आमच्या सुवर्णदुर्गासारखा. पण इथं बांधलेल्या वाटेवरून चालत जाता येतं. आमच्याकडं होडी लागते."

शाळेत प्रोजेक्ट होतं म्हणून मी माझ्या लेकीला त्यांच्यापुढे बसवलं. घरी येऊन ती बाबांना म्हणाली, "युसुफचाचांनी मला एक सिटी कुक करून दाखवली."

*

एकदा दुपारी दुकानं बंद व्हायच्या वेळेला बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, तपासनीस आले. चांगले उंचपुरे, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात फाईल. ट्रॅव्हलच्या लायसनवर स्वयंपाक चालत नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि तवा वर काढला.

आमची पाचावर धारण!

"हे काय आहे?" तपासनिसांनी अरबीत विचारलं.

अर्बाब उठून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "हे स्पेन आहे."

पुढचा पाऊण तास तपासनीस खुर्चीत बसून होते. युसुफभाई आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत तव्यावरून फिरत होते. गावाचं जुनं नाव गादिर, म्हणजे तटबंदीची जागा, आणि अरबांच्या काळात ते कादिस झालं, हे ऐकल्यावर साहेबांनी स्वतः तवा हातात घेऊन निरखून पाहिला. तपासणीच्या कागदावर सगळं ठीक असल्याची सही केली आणि निघून गेले.

*

आता तुम्ही म्हणाल, युसुफभाई स्वतः का गेले नाहीत? आमच्या धंद्यात पंधरा पॅसेंजरांच्या ग्रुपमागे एक सीट फ्री मिळते. ती ग्रुपबरोबर जाणाऱ्या आमच्या माणसाची. दोन मुलींची लग्नं आणि हर्णैचं घर यांत युसुफभाईंना पदरच्या पैशांनी स्पेन कधी जमलं नाही. त्यांची सगळी भिस्त त्या सोळाव्या सीटवर.

पहिल्यांदा ग्रुप जमला चौदाचा. दुसऱ्यांदा बरोबर पंधरा झाले, पण अर्बाबच्या पुतण्याने हट्ट धरला आणि फ्री सीट त्याला गेली. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी अर्बाबशी कामापुरतंच बोलले. पुतण्या परतला तेव्हा युसुफभाईंनी त्याला समोर बसवून एकेक गल्ली विचारली. रोमन नाट्यगृह पाहिलंस का? कॅथीड्रलचा सोनेरी घुमट? मनोरे?

"चाचा," पुतण्या म्हणाला, "मॉल अच्छा था."

युसुफभाईंनी तवा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नमाजाला गेले.

*

यंदा त्यांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. जाण्याआधी शेवटचा एक ग्रुप जाहीर केला. इनासने वसईकरांना फोन लावले, मी मराठी मंडळातल्या एकीलाही सोडलं नाही. गाडी चौदावर येऊन अडकली! व्हिसाचे कागद द्यायचा शेवटचा दिवस आला. अर्बाब म्हणाले, "इन्शाल्ला, कोई आयेगा." युसुफभाई हसले आणि ड्रॉवर आवरायला लागले. तवा त्यांनी पिशवीत भरला, तेव्हा मला काउंटरवर बसवेना.

दुपारी दुकान बंद व्हायची वेळ, एक वाजायला पाच मिनिटं होती. दार उघडलं. पांढराशुभ्र दिशदाशा, हातात फाईल. तेच तपासनीस!

त्यांनी सरळ ड्रॉवर उघडला. रिकामा पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "स्पेन कुठे गेलं?"

युसुफभाईंनी पिशवीतून तवा काढून समोर ठेवला. तपासनिसांनी फाईल उघडली. आत त्यांचा पासपोर्ट, फोटो आणि बँकेचे कागद होते.

"मला तिथे जायचंय," ते म्हणाले. "पण हाच माणूस बरोबर हवा."

इनासने काउंटरवरून उडी मारली. खरोखर मारली!

*

ग्रुप कादिझला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपमधल्या एका बाईंचा मला फोन आला. आवाज रडवेला. "अहो, तुमचे लीडर हरवलेत! आम्ही सगळे मनोऱ्यापाशी उभे आहोत. तपासनीस साहेब शोधायला गेलेत."

तीस वर्षं तव्यावर प्रत्येक गल्ली दाखवणारा माणूस आणि तिथेच हरवला? इनासने युसुफभाईंना फोनवर फोन केले. ते उचलेनात. अर्बाब तेवढे निवांत होते.

"कोकण का आदमी है," ते म्हणाले. "मच्छी मार्केट में देखो."

वीस मिनिटांनी तपासनीस साहेबांचा व्हिडिओ आला. आम्ही तिघांनी एका फोनवर डोकी घातली.

कादिझचा मासळीबाजार. संगमरवरी ओट्यावर बर्फ, बर्फावर मासे. ओट्यापलीकडे रबरी एप्रन घातलेले चार स्पॅनिश कोळी, गिऱ्हाईकं सोडून वाकून बघताहेत. ओट्याच्या मधोमध कोणाचा तरी दांडीचा तवा. आणि युसुफभाई, डोक्यावर टोपी, बाह्या वर केलेल्या, तव्यावर बोट ठेवून हिंदी, इंग्रजी आणि मराठीत एकदमच सांगताहेत, "ये हर्णै! माय व्हिलेज! हे बंदर, इधर मच्छी का लिलाव!"

तव्यापासून वीतभर लांब त्यांनी किल्ला म्हणून एक लिंबू ठेवलं होतं.

एका म्हाताऱ्या कोळ्याने मान डोलावली, हसला, आणि ते लिंबू हळूच सरकवून तव्याला टेकवलं.

युसुफभाईंनी लगेच ते उचलून पुन्हा वीतभर लांब ठेवलं.

"नाय नाय!" ते म्हणाले. "होडी लागते!"