मोडेमची वायर

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे शहर बंद होतं. वाळूजच्या आमच्या कारखान्यात बाहेरगावी लागणारी एकच फोनलाईन होती आणि ती माहिती साठवणाऱ्या यंत्राच्या मोडेमला जोडलेली असे. यंत्र बिघडलं की मुंबईचे इंजिनिअर तिच्यावरूनच तपासत. मी ती वायर काढून गंगापूरला घरी फोन लावला, ख्यालीखुशाली विचारली आणि वायर परत लावायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी मुंबईची जोडणी लागेना. मी गंभीर चेहऱ्याने दोन मोडेम बदलले, टेलिफोन खात्याला शिव्या दिल्या. मग आठवलं. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप वायर लावली, ती निघालेली सापडली असं सांगितलं आणि शाबासकी मिळवली.

"वायर काढली कुणी?" मॅनेजरनी सफाई कामगाराकडे बघत विचारलं. "मोर्च्यात लक्ष असल्यावर असंच व्हायचं."

"साहेब, मला तर त्या खोलीत पाय ठेवायची परवानगी नाय," तो म्हणाला.

एवढा साधा पुरावा आम्हा शिकलेल्यांना समजला नाही. त्याला काढलं. माझी नोकरी नवी होती, म्हणून मलाही समजला नाही.

विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा तो कारखान्याच्या गेटवर पेढे वाटायला आला. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाला, "गंगापूरची मंडळी बरी हायेत ना, साहेब? त्या दिवशी मी दाराबाहेर फरशी पुसत होतो."