गोष्ट सांगितल्याशिवाय पुस्तक नाही

आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयात पुस्तक परत करण्यास गेलेल्या मनुष्याला ग्रंथपाल आबा प्रथम उभे करीत आणि विचारीत, "काय झालं ह्यात?" त्या मनुष्याने साऱ्या कादंबरीची हकिकत आरंभापासून शेवटापर्यंत तोंडी निवेदन केल्याखेरीज त्याला दुसरे पुस्तक मिळत नसे. मागे माणसे खोळंबली आहेत, घरी पाहुणे आले आहेत, गाडीची वेळ झाली आहे, ह्यांपैकी कोणतीही सबब आबांपुढे चालत नसे. सांगणारा मध्येच अडखळला की ते टेबलावर बोट वाजवीत आणि म्हणत, "मग पुढे?"

मी अर्जलेखक. टपाल कचेरीच्या ओसरीवर माझे बैठे मेज असे. लोकांची गाऱ्हाणी मोजक्या व वजनदार शब्दांत मांडणे हा माझा व्यवसाय. शाळा लवकर सुटली हे खरे. तथापि माझ्या मसुद्यातील एकही शब्द वडगावच्या मामलेदार कचेरीत कधी कोणी खोडलेला नाही. अशा मनुष्याला आबांनी पहिल्याच खेपेस चारचौघांत थांबविले. "अर्जवाले, तुम्ही गोष्ट सांगता आहात की फिर्याद देता आहात? 'सदर नायिका' म्हणजे काय? तिला नाव नाही?"

"आहे. सुशीला."

"मग सुशीला म्हणा. आणि ती रडली म्हणा. 'तिने अश्रुपात केल्याचे दिसून येते' हे मामलेदाराला कळवा."

मागची मंडळी हसली. त्यानंतर कित्येक दिवस मी वाचनालयाकडे फिरकलो नाही. परंतु घरी वाचण्याजोगे पंचांगाखेरीज काही नव्हते, सबब जावे लागले.

ह्या उलटतपासणीचे कारण साऱ्या गावाला ठाऊक होते. आबांना दिसत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कपाटातील जुनी पुस्तके ते हाताने चाचपून काढीत. पण पुण्याहून येणाऱ्या नव्या कादंबऱ्या त्यांना कोणाच्या तरी तोंडून ऐकाव्या लागत. आणि ऐकल्यानंतर कोणती कोणाला द्यावी हे तेच ठरवीत. वाचनालयाच्या मंडळाला मात्र ह्यातले काही माहीत नव्हते. माहीत झाले असते तर नोकरीबरोबर मागची राहण्याची खोलीही गेली असती, आणि परंदवडीला दिलेल्या मुलीच्या दारी जाऊन राहणे आबांना कमीपणाचे वाटे. म्हणून आम्ही सर्व वाचक गप्प होतो. ज्याच्यासाठी एवढे लोक तोंड मिटून बसतात त्याने थोडे तरी नमते घ्यावे की नाही? पण मी एखाद्या खुनाच्या तपासाची कादंबरी मागावी, आणि आबांनी एकत्र कुटुंबातील सुनांच्या कटकटींची हाती ठेवावी. "दिवसभर पुरुषांची भांडणं लिहिता. आता बायकांची वाचा. त्या चांगलं भांडतात." दुर्दैवाने ती कादंबरी मला आवडली, आणि हेही त्यांनी माझ्या आवाजावरून ओळखले.

घाटात विजेचे इंजिन येण्यापूर्वीचा हा काळ. इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारणारा इब्राहिम म्हणून एक फायरमन होता. त्याला अक्षर लावून वाचता येई, आणि आबांचा त्याच्यावर जीव होता. एकदा नवी कोरी कादंबरी त्यांनी प्रथम त्यालाच दिली. काही दिवसांनी तो ती घेऊन आला तेव्हा मी तेथेच रांगेत उभा होतो.

"आबा, लय झ्याक हाय."

"झ्याक आहे की नाही ते मी ठरवीन. काय झालं ह्यात?"

"इनामदाराची पोर माहेरी आली बाळंतपणाला. नवरा लांब मुलखात गेलता. सासू खाष्ट. कागद येईना, पत्र येईना." अर्धी गोष्ट त्याने अशी रंगवून सांगितली की रांग पुढे सरकण्याचे विसरली. मग तो थांबला.

"मग पुढे?"

इब्राहिमने छताकडे पाहिले. "मग काय, पोरगा झाला. नवरा आला. समदी पेढं वाटत फिरली."

"आणि ती?"

"ती बी वाटती की, आबा."

आमच्या पोस्टमास्तरांची एकुलती एक मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पोस्टमास्तर रोज संध्याकाळी तिला कादंबरी वाचून दाखवीत. आबांनी इब्राहिमने आणलेले पुस्तक त्यांच्या हाती दिले आणि म्हटले, "लेकीला ही ऐकवा. शेवट गोड आहे."

आठवडा झाला असेल नसेल, पोस्टमास्तर आले. आबांनी बोट उचलले, पण विचारण्याची वेळ आली नाही. "आबा, मी मोठ्याने वाचत होतो," पोस्टमास्तर म्हणाले. "थांबावं हे कळेपर्यंत वाचून झालं होतं. मरते ती. बाळंतपणात मरते." पुस्तक ठेवून ते निघून गेले. पुढे कळले की मुलीने हाय खाल्ली आहे. जेवत नाही, आणि मी काही ह्या बाळंतपणातून वाचत नाही असे आईला सांगते.

इब्राहिमला बोलावणे गेले. तो कोळशाच्या हातांनीच आला. "ड्युटीवर ड्युटी लागली, आबा. निम्मीच वाचली. तुमी म्हणाल, इब्राहिम बी लबाड निघाला, म्हनून म्या आपलं चांगलं तेच सांगितलं."

"तू दमला होतास," आबा म्हणाले. "मी दुसऱ्या कोणाला विचारायला हवं होतं."

ग्रंथपाल न वाचता पुस्तके देतात ही कुणकुण तुंगार्लीच्या बंगल्यात राहणाऱ्या अध्यक्षांच्या कानी गेली आणि मंडळाची सभा ठरली. मी त्या प्रसंगासाठी वाचकांच्या सह्यांनिशी एक अर्ज तयार केला. माझ्या हातून त्याहून सुबक मसुदा उतरलेला नाही. त्यात 'ग्रंथपालांची दृष्टी वयोमानाच्या मानाने उत्तम असून' असे कलम होते. अध्यक्षांनी तो सभेत शांतपणे वाचला. ते गृहस्थ वाईट नव्हते. प्रकरण मिटावे असेच त्यांच्या मनात होते. त्यांनी एवढेच विचारले, "आबा, हे असंच आहे ना?"

'होय' म्हणण्यास किती वेळ लागतो? पण आबा उठून उभे राहिले.

"नाही. मला दिसत नाही. एका पोटुश्या मुलीला मी ऐकीव गोष्ट खात्रीची म्हणून दिली. असा माणूस त्या टेबलाशी नको."

"मग हा अर्ज?" अध्यक्षांनी विचारले, आणि सारी सभा माझ्याकडे पाहू लागली.

"अर्ज उत्तम आहे," आबा म्हणाले. "फक्त त्यातली हकिकत घडलेली नाही."

नोकरी गेली. खोली सोडण्यास महिन्याची मुदत मिळाली. ती मुदत ह्या गृहस्थांनी कोठे घालवावी? माझ्या ओसरीवर. सकाळी काठी टेकीत येत आणि माझ्या मेजाशेजारी बसत. वाचनालयात नवा ग्रंथपाल आला. त्याचे डोळे निरोगी होते आणि जो जे मागेल ते पुस्तक तो देई. तरी लोक आधी माझ्या ओसरीवर येत, वाचलेली गोष्ट आबांना सांगत, पुढची कोणती घ्यावी ते विचारीत आणि मग तिकडे जात. माझी पक्षकार मंडळी ताटकळत राही. आता आबांचा नियम आणखी कडक झाला होता: एकाच कादंबरीची गोष्ट दोघांनी वेगवेगळे येऊन सांगावी, आणि दोन्ही जुळल्याखेरीज तिची शिफारस नाही.

एके दिवशी त्यांनी वाचनालयातून एक कादंबरी मागविली आणि माझ्या मेजावर ठेवली. "अर्जवाले, ही मला सबंध वाचून दाखवा. गाळू नका. शेवटही."

"मला कामे आहेत, आबा."

"पोस्टमास्तरांच्या लेकीसाठी हवी आहे."

मी वाचू लागलो. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. मी सावकाश व वजन देऊन वाचीत असे, आबा म्हणत, "भरभर. तिचा नवरा बुडतो आहे." बांधाचे गाऱ्हाणे घेऊन आलेला कुसगावचा एक शेतकरी तर कागद काखेत धरून तेथेच बसला. मी त्याच्याकडे वळलो तेव्हा म्हणाला, "भाऊ, माजा बांध कुटं जात न्हाई. त्यो मानूस वाचला का ते बघा आदी." नवरा वाचला. सर्व पात्रे वाचली. शेवटचे पान संपल्यावर आबांनी विचारले, "ह्यापुढे आणखी पान नाही ना? हात फिरवून बघा." मी हात फिरवून पाहिला.

मग ते स्वतः उठले आणि त्याच ओसरीवरून आत, पोस्टमास्तरांच्या खिडकीशी गेले. पोस्टमास्तर पुस्तक घेईनात. आबा म्हणाले, "ह्यात कोणी मरत नाही. मी स्वतः ऐकली आहे." खिडकीतून हात बाहेर येण्यास बराच वेळ लागला. पण आला.

मुदत संपण्याच्या सुमारास पोस्टमास्तर ओसरीवर पेढे घेऊन आले. मुलगी सुखरूप होती. वाटीभर पेढे तिने आबांसाठी निराळे पाठविले होते. इब्राहिम तेथेच होता. त्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "आबा, म्या काय सांगितलं व्हतं?"

"गप बस," आबा म्हणाले. "तुझी गोष्ट खोटीच होती." पण ते हसत होते.

नंतर आबांचा जावई बैलगाडी घेऊन आला व त्यांना परंदवडीला घेऊन गेला. निघताना त्यांनी माझे आभार मानले नाहीत. माझे वाचन फार संथ आहे एवढे सांगितले. दोन वर्षांनी ते तेथेच वारल्याचे कळले.

माझ्या ओसरीवरची गर्दी हटली आणि कामे वेळेवर होऊ लागली. परवा मी एक कादंबरी परत करण्यास गेलो. गोष्ट मनात नीट लावून, 'सदर' वगैरे शब्द काढून टाकून गेलो होतो. ग्रंथपालाने पुस्तक घेतले, शिक्का मारला आणि मागच्या मनुष्याला हाक मारली. मी थोडा वेळ तेथे उभा राहिलो. मग ती सबंध गोष्ट, शेवटासकट, जशीच्या तशी घेऊन घरी आलो.