थेटराच्या दारात मुलीचं वय

एका रविवारी दुपारी माझ्या मुलीचं वय पंचविसावरून सतरावर आलं, तिथून पुन्हा पंचविसावर गेलं आणि शेवटी अठ्ठाविसावर जाऊन थांबलं. या सगळ्याला दहाएक मिनिटं लागली आणि एवढी उलथापालथ करायला मी एकटा पुरेसा होतो.

मी वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. सव्वीस वर्षं झाली. शिक्का बघितल्याशिवाय माझ्या हाताखालून एक नटबोल्ट पुढे सरकत नाही. घरीही तेच. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी रोज वाचतो, आणि आमची सुनंदा (म्हणजे माझी बायको) रोज सांगते की ती पिशवी आत्ता सकाळीच आली आहे. असा काटेकोर माणूस असल्यामुळे प्राजक्ताचा बायोडाटा साहजिकच मी केला. त्यात तिचं वय पंचवीस टाकलं. ती अठ्ठावीसची होती.

"अहो, खोटं कशाला लिहिता?" सुनंदा म्हणाली.

"खोटं नाही. आकडा गोल केलाय."

"अठ्ठाविसाचा गोल तीस होतो."

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. प्राजक्तानंही ऐकवलं, "बाबा, मी असलं काही सांगणार नाही कुणाला." मी म्हणालो, तुला कोण सांगायला सांगतंय, तू फक्त गप्प बस. (माझ्या हिशोबानं ती तीन वर्षांची असताना पहिलीत बसली होती. पण एकाही स्थळानं हे गणित मांडलं नाही, आणि माझा उत्साह वाढला.)

मग अजिंठ्याकडचं स्थळ आलं. घर शेतकऱ्याचं, मुलगा अभिजित इथंच शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत, आईला आक्का. पसंती झाली, दोन महिने पोरं फोनवर बोलली, आणि त्या रविवारी ते तिघं पुढची बोलणी करायला मुकुंदवाडीला आमच्या घरी आले. पोहे झाले, जेवण झालं, आणि मग समजलं की अभिजितचे मामा जालन्याहून संध्याकाळी सहाला पोचणार. मामा आल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं!

घड्याळात एक वाजला होता. कापूस, मका आणि पाऊस हे तीन विषय मी आणि तात्यांनी वीस मिनिटांत संपवले. चौथा विषय निघाला तो नेमका शाळेचा. "पोरगी धाव्वीला कोणत्या साली व्हती?" तात्यांनी सहज विचारलं.

"पिच्चर बघायचा का?" मी म्हणालो.

तात्या जरा दचकले, पण खूश झाले. "बघू की. लई वरसं झाली थेटरात जाऊन."

मी तिथल्या तिथं मोबाइलवर तिकिटं काढली. सहा खुर्च्या एका ओळीत एकाच खेळाला शिल्लक होत्या. पोस्टरवर सात-आठ माणसं एकाच सोफ्यावर बसलेली दिसत होती, म्हणजे पिच्चर कौटुंबिक असणार हे मी ताडलं. पैसे भरायच्या आधी एक चौकट उघडली, तिच्यात बरंच काही लिहिलेलं होतं आणि खाली 'मान्य' असं बटण होतं. मी मान्य केलं. (शिक्के मी वाचतो. मोबाइलवरच्या चौकटी मी आजवर कधीच वाचलेल्या नाहीत.)

मॉलमध्ये पोचलो, खिडकीवर तिकिटं छापून घेतली. थेटराच्या दारावर पन्नाशीचा एक माणूस उभा होता, छातीवर 'सलीम' अशी पट्टी. त्यानं मला आत सोडलं, तात्यांना सोडलं, आक्का, सुनंदा, अभिजित, सगळ्यांना सोडलं. शेवटी प्राजक्ता आली. अंगानं बारीक, खांद्याला दप्तरासारखी पिशवी, पायात कापडी बूट. सलीमभाईंनी हात आडवा धरला.

"बेटा, आधार दिखाओ."

"कशाला काका?"

"ए वाला पिच्चर है. अठरा पूरे होना मंगता."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी मागे वळून तात्यांना म्हणालो, "बघितलंत? अठराचीसुद्धा वाटत नाही!"

"व्हय," तात्या कौतुकानं म्हणाले. "दिसायला ल्हानच हाय."

मी मोठ्यानं हसलो. ते हसू अर्ध्यात आलं असेल नसेल, तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की आधारवर जन्मतारीख असते. आणि तात्या आता चष्मा लावून अगदी जवळ येऊन उभे होते.

"तिनं कार्ड आणलेलं नाही," मी म्हणालो.

"मोबाइलमध्ये आहे ना," प्राजक्ता म्हणाली.

"मोबाइल बंद पडलाय."

"चालू आहे बाबा. हा काय."

मी तो मोबाइल तिच्या हातातून काढून माझ्या खिशात टाकला. ती माझ्याकडे बघतच राहिली. सलीमभाईही बघत राहिले. मग मी परत दाराबाहेर येऊन चढ्या आवाजात सुरुवात केली, कारण कंपनीत माझं असंच चालतं. "अहो, मी बाप आहे तिचा! मी सोबत असताना कार्ड कशाला?"

"बाप असलेला चलता, पन तो यूए को," सलीमभाई शांतपणे म्हणाले. हे त्यांनी दिवसातून पन्नास वेळा सांगितलेलं असावं. "यू म्हंजे सगळ्यांना. यूए म्हंजे लेकराला दाखवायचं का नाय ते आईबापानं ठरवायचं. त्यात पन सात, तेरा, सोला असे आकडे लिवलेले असतात, म्हंजे आईबापाला अंदाज येतो. आमी तिथं अडवत नाय. पन ए आला की अठराच्या खालचं कुनी आत नाय. बाप असो, आजोबा असो, मांडीवर बसवतो म्हनो, नक्को म्हंजे नक्को. पोस्टर पे लिखेला है, तिकीट पे लिखेला है. मोबाइल पे पूछता भी है."

मी तिकिटाकडे बघितलं. सव्वीस वर्षं शिक्के तपासणारा मी, आणि तो 'ए' माझ्या अंगठ्याखाली होता.

आक्कांनी पदर सावरला. "ए म्हंजी, आत असतंय तरी काय?"

"मारामारी, खून, शिव्या, बाकी पन," सलीमभाई म्हणाले. त्या 'बाकी' शब्दावर तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू होणाऱ्या सुनेच्या बापानं आपल्याला बायकामाणसांसकट कुठं आणलंय याचा ते अंदाज घेत होते. मी घाईघाईनं पोस्टरवरच्या सोफ्याकडे बोट दाखवलं. सलीमभाई म्हणाले, त्यातली पाच जणं मध्यंतराआधीच मरतात.

"बापलोगां रोज बोलते, मी हाय ना संग," ते पुढे म्हणाले. "पन दिवे गेल्यावर लेकरू बापाकडं बघत नाय, पडद्याकडं बघतंय. माझीच पोरगी सात सालची व्हती. मामूनं नेली असल्या पिच्चरला, कुठल्या तरी गावात कुनी अडवली नाय. चार म्हैने तिनं न्हाणीचं दार लावून घेतलं नाय. तवापासून मी कुनालाच सोडत नाय. कार्ड दाखवा."

माणूस बरोबर बोलत होता, हे मला तिथंच पटलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांना चहा पाजला असता. पण त्या दिवशी माझ्या मुलीचं लग्न त्या कार्डावर अडलं होतं, म्हणून मी एक शक्कल काढली. प्राजक्ता अठराच्या आतली आहे असं याला सांगितलं की हा तिला सोडणार नाही, मग आपण सगळे घरी जाऊ, आणि कार्ड कुणाला दिसणारच नाही. यात चूक काय आहे ते मला त्या क्षणी खरोखर दिसलं नाही.

मी सलीमभाईंच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "तिला अठरा पूर्ण नाहीत. सतराची आहे."

इथं एक सांगायला हवं. सव्वीस वर्षं मी प्रेस मशीनच्या शेजारी काम केलंय. माझं हळू बोलणं पॉपकॉर्नच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

सगळी रांग आमच्याकडे वळली. तात्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"काय म्हणले पाव्हणे?" ते म्हणाले. "सतरा?"

"तसं नव्हे तात्या..."

"पोरगी सतराची हाय, आन तुमी आमाला बोलणी करायला बोलावलं?" तात्या म्हणाले. "आमी सोयरीक करायला आलो का हर्सूलच्या जेलात जायला आलो? बायको हाय संगं, पोरगा हाय, सगळेच जाऊ आत!"

रांगेतल्या एका बाईंनी हातातला पॉपकॉर्नचा डबा नवऱ्याकडे दिला आणि मोबाइल काढला. "बालविवाहाची तक्रार कुठं करायची असते हो?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, थांब, बघतो. आतून मॅनेजर बाहेर आला. सलीमभाई माझ्यापासून एक पाऊल लांब सरकले, जणू मला हात लावला तर तेही साक्षीदार होतील.

"नाही नाही!" मी दोन्ही हात वर केले. "पंचवीसची आहे! पंचवीस!"

"अबी तो सतरा बोले," सलीमभाई म्हणाले.

"चुकून बोललो."

"आठ साल चुकून?" मॅनेजर म्हणाला.

मी सुनंदाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. प्राजक्ता माझ्याजवळ आली, माझ्या खिशातून तिनं तिचा मोबाइल काढून घेतला आणि आधार उघडून सलीमभाईंसमोर धरला. सलीमभाईंनी बोटांवर मोजलं.

"अठ्ठाईस," ते म्हणाले. "जाओ बेटा, माफ करना."

तात्या म्हणाले, "कागदावर पंचवीस व्हतं."

"मी लिहिलं," मी म्हणालो. "तिनं नको म्हटलं होतं. चूक माझी."

प्राजक्तानं मान खाली घातली नाही, हे मला अजून आठवतं. मी मात्र घातली. "बाबा, माझी तीन वर्षं तुम्हाला एवढी नकोशी झाली?" ती म्हणाली. "त्याच तीन वर्षांत मी नोकरीला लागले. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रजा काढून दवाखान्यात राहिले. ते कुठल्या वयात धरायचं?"

एवढ्या माणसांत माझे डोळे भरून आले, आणि त्या पॉपकॉर्नवाल्या बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. स्थळ गेलं, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात अभिजित पुढे झाला.

"तात्या, आता आपलंबी सांगा."

"तू गप," तात्या म्हणाले.

"सांगा की. नाय तर मी लायसन काढतो."

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. "बत्तीसचा हाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आमी एकोणतीस लिवलंय."

मी आ वासून बघत राहिलो. बरोबर तीन वर्षं! अजिंठ्याकडचा शेतकरी आणि वाळूजचा तपासनीस, दोघांनी एकमेकांना न विचारता अगदी सारखी काटछाट केली होती.

"आणि प्राजक्ताला हे माहीत नाही?" मी विचारलं.

"पहिल्याच फोनपासून माहीत आहे," अभिजित म्हणाला. "तिनं तिचं सांगितलं, मी माझं."

"आन आमी आज सकाळी," आक्का सुनंदाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "पोहे करताना यांनी मला सांगितलं, मी यांना सांगितलं." सुनंदानं मान डोलावली. म्हणजे दोन महिने माझी झोप उडवणारं गुपित माझ्याशिवाय आणखी चौघांना ठाऊक होतं. ते फक्त मी तात्यांपासून लपवत होतो, आणि तात्या त्यांचं माझ्यापासून.

"तू सांगितलं का नाहीस?" मी सुनंदाला विचारलं.

"तुम्हीच पोरीला गप्प बस म्हणालात की. मीही बसले," ती म्हणाली.

मागची रांग खोळंबली होती. प्राजक्तानं माझ्या हातातून दोन तिकिटं घेतली आणि ती नि अभिजित आत निघाले. आक्का आणि सुनंदानं असला पिच्चर बघायचा नाही असं आधीच ठरवून चहाच्या दुकानाकडे मोर्चा वळवला होता. तात्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पण तिकीट माझ्या नावावर, पैसे मी भरलेले, आणि त्या सोफ्यावरच्या पाच जणांना कोण मारतं ही उत्सुकताही होती. शिवाय चौपन्न वर्षांच्या माणसाला कोण अडवणार? मी उरलेल्यातलं एक तिकीट पुढे केलं.

सलीमभाईंनी तिकिटाकडे बघितलंच नाही. त्यांनी आत जाणाऱ्या प्राजक्ताला हाक मारली.

"बेटा, इनको छोडू क्या?"

प्राजक्ता वळली. तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"नको काका," ती म्हणाली. "इतक्यात नको."

सलीमभाईंनी माझ्यापुढे हात आडवा धरला. मी तिकीट खिशात टाकून मागे फिरलो. तात्यांनी बाकावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बसा, व्याही," ते म्हणाले. "आपल्याला नाय घेत आत."