ताटावरचं नाव आणि ताकदीची सुई

आमच्या घरात देवाखालोखाल श्रद्धा कशावर असेल, तर ती सुईवर. ताप आला, सुई. चक्कर आली, सुई. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर बिनकामाचा, आणि टोचणारा तेवढा हुशार.

अशा घरातला माझा धाकटा भाऊ नाशिक रोडला रेल्वेलाइनमागे मित्रांबरोबर नशेची इंजेक्शनं घ्यायचा. चौघांत एकच सुई फिरायची. त्यातून त्याला एचआयव्ही लागला. घरच्यांनी काय करावं? बोहारणीला नाही, थेट भांडीवाल्याला गाठलं आणि भावाच्या ताटावर, पेल्यावर त्याचं नाव घालून आणलं. एरवी आमच्याकडे भांड्यावर नाव पडतं ते आहेर देणाऱ्याचं. हे पडलं ते त्या ताटात दुसऱ्या कुणी चुकून जेवू नये म्हणून. ताटातून हा आजार पसरत नाही, हे सांगून मी थकले.

सरकारी दवाखान्यात या आजाराच्या गोळ्या तेव्हा फुकट मिळू लागल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मला समोर बसवून स्वच्छ समजावलं. हा विषाणू रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मारतो. गोळ्या रोज घेतल्या की त्या पेशी वाढतात. नशेत गोळ्या चुकतात, आणि चुकत राहिल्या की औषधच लागू पडेनासं होतं. शिवाय घाणेरड्या सुईतून दरवेळी नवे जंतू आत जातात. आईचा चेहरा बघून त्या शेवटी म्हणाल्या, "म्हणजे अंगातली ताकद कमी झालीय त्याच्या." एवढ्या बोलण्यातला तो एकच शब्द आईने घरी आणला.

भावाने मात्र सुई सोडली. तडफडला, पण सोडली. गोळ्या नेमाने घेऊ लागला, पेशी वाढल्या, गाल भरले. मला म्हणाला, "ताई, सुई नुसती दिसली तरी हात शिवशिवतो गं. माझ्यासमोर येऊ देऊ नका." मी हे घरात सगळ्यांना बजावून सांगितलं.

मग निफाडहून मामा आला. द्राक्षबागेवर औषधं मारून मारून हा गृहस्थ स्वतःला अर्धा डॉक्टर समजायचा. 'ताकद' शब्द ऐकताच खूश झाला. "लाल रंगाचं इंजेक्शन हाय, लय भारी. पडलेला माणूस उठून पळतो!" औषध आणि सिरिंजांचा खोका घेऊनच आला. ओळखीचा कंपाउंडर घरी येऊन टोचणार होता. मी भांडले, तर म्हणतो, "तू मास्तरीण हायेस, डाक्टर नाय." आणि आई म्हणाली, "अगं, ही ताकदीची आहे. ती वेगळी."

ताटाला घाबरणाऱ्या या शहाण्यांनी तो खोका फ्रिजवर, गणपतीशेजारी ठेवला. भाऊ त्याच्याकडे बघत जेवायचा. हळूहळू खोक्यातल्या सिरिंजा नाहीशा होऊ लागल्या आणि भाऊ पुन्हा रेल्वेलाइनमागे दिसू लागला. तिथे नवी सुईसुद्धा चौघांत फिरली. गोळ्या पाकिटात तशाच राहिल्या. दंडावर गळू आलं, चिघळलं, विष रक्तात भिनलं. अंगात लढायला कुणी उरलंच नव्हतं. तो गेला.

"नशिबात नव्हतं त्याच्या," दशक्रियेला गोदाकाठी मामा भेटेल त्याला सांगत होता. मला त्याची किळस आली. घरी पानं वाढायची वेळ झाली तेव्हा मी फळीवरून भावाचं ताट काढलं, धुतलं आणि मामाला त्यातच वाढलं.

तो पोटभर जेवला. भाताचा शेवटचा घास उचलताना ताटाच्या तळावरचं नाव त्याला दिसलं. ताडकन उठून मोरीत गेला, घशात बोटं घालून ओकला, साबणाने तोंड धुतलं. बाहेर आला तो घामाघूम.

"इथं जवळ डाक्टर कोण हाय?" त्याने आईला विचारलं. "एक सुई घेऊन येतो."